घरच्या माणसाची बॅटरी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत धर्मराजच्या नाकाला मान होता. खुद्द धर्मराजला फारसं कुणी विचारत नव्हतं, तेव्हाही त्याच्या नाकाला होता. आईच्या मागं वखारीत पाला निवडत बसणारं ते पोर पुढं पारखी झालं. ज्या मालकांच्या बापांनी त्याच्या बापाला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तेच मालक हंगामात त्याला न्यायला गाडी पाठवू लागले. तंबाखूचं बोद, म्हणजे ते भलंमोठं गोणपाटाचं पोतं, समोर आलं की धर्मराज आधी ते उसवायला लावायचा. मग कोपरापर्यंत हात आत घालून पोटातली मूठ बाहेर काढायचा. तोंडाशी चांगला माल कुणीही लावतं, खरा माल पोटात असतो, हे तो व्यापाऱ्यांच्या तोंडावर सांगायचा आणि व्यापारी मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

या पारखीला एकच अपवाद होता, आणि तो वखारीतल्या त्याच्या सगळ्या माणसांनी पाळला होता. घरच्याचं बोद उसवायचं नाही. तो सांगेल तो दर्जा, तो म्हणेल तो माल. चारचौघांत घरच्याचं बोद उसवलं म्हणजे त्याला चोर ठरवलं, मग त्याच्या घरच्या लग्नाला कुठल्या तोंडानं जायचं? धर्मराजनं आयुष्यात कधी घरच्याचं बोद उसवलं नाही आणि त्यात तो कधी फसलाही नाही. नाकापेक्षा त्याला या गोष्टीचाच जास्त अभिमान होता.

असा हा माणूस एक लोखंडी पेटी घेताना फसला. तीही साधीसुधी पेटी नव्हे, बायकोच्या श्वासाची पेटी.

पारूबाईनं, त्याच्या बायकोनं, उभा जन्म त्याच वखारींच्या धुळीत काढला होता. पदर नाकाला बांधून पाला झोडायचा, घरी येऊन खोकायचं, सकाळी परत जायचं. साठी गाठेपर्यंत फुप्फुसांचं पार चिपाड झालं. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन गोळा करून देणारं मशीन घरी बसवायला सांगितलं आणि बजावलं, की ही नळी नाकातून काढायची नाही. झोपेत नाही, जेवताना नाही. आंघोळीपुरती काढलीत तर चालेल.

मशीन चांगलं होतं, पण ते भिंतीतल्या विजेवर चालायचं. गावाच्या कडेची त्यांची वसाहत, तिथं वीज सरकारी पाहुण्यासारखी यायची आणि जायची. उन्हाळ्यात दुरुस्तीच्या नावाखाली दुपारच्या दुपारी गायब, वळवाचं वारं सुटलं की संध्याकाळ गायब. बेळगावात पोरीकडं वीज सहसा जात नसे, पण पारूबाई चार दिवस तिथं राहून आली आणि म्हणाली, "त्या फ्लॅटात माणसाचं तोंड दिसत न्हाय. माझं घर सोडून मी कुठं बी जायाची न्हाय." मग घरातच बॅटरी बसवायचं ठरलं.

पोरगी म्हणजे पारमिता. बेळगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवायची. तिनं फोनवर बापाला चांगला तासभर धडा दिला. लिथियमची बॅटरी म्हणजे आत एकाला एक जोडलेले सेल. ते कोरे असले तर दहा वर्षं सहज जातात; पण बाजारात विजेवरच्या रिक्षा-गाड्यांतून काढलेले थकलेले सेल नव्या कागदात गुंडाळून सर्रास विकतात. वरून ओळखू येत नाहीत. चार्ज केले की मीटरवर नव्यासारखेच भरलेले दिसतात, पंखा-दिवा लावला तर थोडा वेळ छान चालतात. खरं खोटं करायचं तर एकच उपाय आहे.

"पूर्ण भरायची, त्यावर सलग लोड लावायचा आणि ती बंद पडेपर्यंत तिथंच बसायचं, आप्पा. सहा तास म्हणाला तर सहा तास बसायचं. आणि पेटी उघडून सेलवरचा नंबर बघायचा. खरवडलेला असला तर उठून यायचं."

"बरं बरं," धर्मराज म्हणाला. "आपल्याला कुठं बाजारात जायाचंय? विक्रम हाय की."

विक्रम हा त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली, बाप दारूच्या नादात कुठंतरी भटकत राहिला, तेव्हा हे पोर पारूबाईच्या पदराला येऊन चिकटलं ते मिसरूड फुटेपर्यंत. पारमिताच्या ताटात एक अंडं असलं की विक्रमच्या ताटात दीड असायचं, यावरून बहीण-भावांची मारामारी व्हायची. तो पारूबाईला मोठी आई म्हणायचा. आता बेळगावात कंग्राळीच्या रस्त्याला त्याचं सोलर आणि बॅटरीचं दुकान होतं, दुकानाला काच होती, आणि त्या काचेचं कौतुक धर्मराजनं निपाणीत इतक्यांना सांगितलं होतं की लोक त्याला बघून रस्ता बदलायचे.

दुकानात विक्रमनं धर्मराज आणि पारमिताला मानाच्या खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि पांढरी चकचकीत पेटी समोर ठेवली. धर्मराजनं सवयीनं ती उचलून बघितली.

"हलकी हाय की रं."

"लिथियम हलकंच असतंय, अण्णा. त्या जुन्या अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या जड. मशीन सहा तास वडंल. दहा वर्षं बघायचं काम न्हाय."

"कंपनी कुठली?" पारमितानं विचारलं.

"सेल भायेरचं, पेटी आपली. वॉरंटी बी आपलीच."

"मग पेटी उघड. आणि लोड लाव, मी बसते इथंच. आज सुट्टीच आहे मला."

विक्रमचा चेहरा उतरला. तो पारमिताकडं न बघता धर्मराजकडं बघून म्हणाला, "अण्णा, गिऱ्हाइकासमोर म्या शंभर बॅटऱ्या उघडून दावल्या असतील. मोठ्या आईसाठनं दिल्याली बॅटरी बी उघडून दावायची व्हय?"

झालं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि धर्मराजला वखारीतली चारचौघं आठवली. आपल्या पोरीनं, शिकल्यासवरल्या पोरीनं, भर दुकानात घरच्याचं बोद उसवायला हात घातला होता.

"पारमिता, गप बस. कॉलेजात शिकीव तुझं ते. घरच्या माणसाचा माल आपण उसवत न्हाय."

पारमितानं फोन काढला. तिला राग आला की ती बोलत नाही, फोन बघते. थोड्या वेळानं ती फोन कानाला लावून बाहेर गेली. पेटी त्याच दिवशी टेंपोतून निपाणीला आली, विक्रमनं स्वतः जोडून दिली, मेन बटण पाडून मशीन चालवून दाखवलं, पारूबाईच्या हातचा झुणका खाल्ला आणि गेला.

तिथून पुढं धर्मराज सुखात होता. हंगाम सुरू झाला, वखारीची गाडी दारात यायला लागली. सकाळी गेला की दुपार कलल्यावर परत. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"लाईट गेलती?"

"गेलती की."

"मशीन चाललं?"

"चाललं की. न चालायला काय झालंय?"

एवढं ऐकलं की त्याची छाती फुगायची. तो घरी असताना वीज गेली तर पारूबाई स्वतःच नळी काढून ठेवायची. म्हणायची, "कान किटलं त्या घरघरीनं. जरा शांत बसू द्या." पेशंटला आपल्या तब्येतीचं जास्त कळतं, असं त्याला वाटायचं. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी भुवया चढवून विचारलं, की रक्तातला ऑक्सिजन एवढा खाली कसा, मशीन अखंड लावता ना? पारूबाईनं मान हलवली. धर्मराज मात्र डॉक्टरांवर घसरला. "घरात लिथियम बॅटरी हाय आमच्या," तो म्हणाला, जशी काही बॅटरी असणं हेच औषध होतं.

त्याच भरात त्यानं आण्णाप्पाला विक्रमकडं धाडलं. आण्णाप्पा स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायचा, दोघांची जुनी बैठक. वीज गेली की त्याची मशीनं बंद पडायची आणि कोर्टाच्या कागदांची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायची. "डोळं झाकून घे," धर्मराजनं त्याला सांगितलं. "माझा पुतण्या हाय. माझी बायको त्या बॅटरीवर श्वास घेतीया, आनि काय सांगू?" आण्णाप्पानं खरोखरच डोळे झाकून घेतली.

थंडी सरता सरता आण्णाप्पाची कुरकुर सुरू झाली. बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते म्हणाला. धर्मराजनं त्यालाच झापलं. तू लोड जास्त लावत असशील, तुला चार्ज करायला येत नसेल, तुझ्या दुकानाचं वायरिंगच तुझ्या बापाच्या वेळचं आहे. आण्णाप्पा शांत माणूस, त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात तो भर दुपारी वखारीच्या दारात येऊन उभा राहिला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यानं विटेएवढा एक सेल काढून धर्मराजच्या हातात दिला.

"संकेश्वरला माझा मेव्हणा गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतोय. त्यानं खोलली. बघ तूच."

सेलवरचा निळा कागद फाडला होता. त्याखाली दुसरा निळा कागद होता, जुना, घासलेला. त्यावरचा नंबर ब्लेडनं खरवडून काढला होता. वरच्या टोकांवर आधीच्या जोडांचे वण होते, कानशीनं घासलेले. सेलचं पोट थोडं फुगलं होतं. धर्मराजनं सवयीनं तो नाकाशी नेला आणि मग लाजून खाली घेतला.

"रिक्षात राबून आलंय म्हणाला मेव्हणा," आण्णाप्पा म्हणाला. "सगळंच्या सगळं तसंच. धर्मा, मी तुला काय म्हणत न्हाय. तुझ्या घरची बघ म्हणून सांगाय आलो फकस्त."

आण्णाप्पानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धर्मराज गाडीची वाट न बघता चालत सुटला. वाटेत तो स्वतःची समजूत घालत होता. आण्णाप्पाला तसली दिली असेल, धंद्यात होतं असं, परका माणूस आहे. आपल्या घरची तशी असणं शक्य नाही. विक्रमला ठाऊक आहे ती कुणासाठी आहे. परक्याला फसवणारा पुतण्या त्याला त्या घडीला चालणार होता, इतका तो घाबरला होता.

पारूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. वीज होती, मशीन घरघरत होतं. धर्मराजनं मीटरजवळ जाऊन मेन बटण पाडलं. इन्व्हर्टर टक् करून बॅटरीवर गेला, मशीन चालूच राहिलं.

"लाईट कशाला पाडली?"

"बघायचंय मला."

"काय बघायचंय? चालू करा. उगंच काय बी करू नका." तिचा आवाज चढला, आणि आवाज चढला की तिला दम लागायचा, म्हणून ती गप्प झाली.

धर्मराज पेटीसमोर स्टूल ओढून बसला. पेटीवरचे हिरवे दिवे सगळे लागले होते. पोरगी म्हणाली होती, बंद पडेपर्यंत बसायचं. तो बसला. दारावरून भाजीवाली गेली, तिची हाक पुरती विरायच्या आत एक दिवा गेला. मग दोन एकदम गेले. धर्मराज दिव्यांकडं बघत होता, म्हणून बायकोकडं त्याचं लक्ष जरा उशिरानंच गेलं.

पेटीची बंद पडतानाची पिपाणी वाजायच्या आधीच पारूबाईनं नाकातली नळी काढली होती. शेजारची उशी तिनं उचलून मांडीवर घेतली, त्यावर दोन्ही कोपरं टेकवली, पुढं वाकली आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून हळूहळू श्वास सोडायला लागली. पाण्याचा तांब्या हाताशी होता. पुठ्ठ्याचा पंखा उशाशी होता. या सगळ्या वस्तू कित्येक महिने तिथंच असायच्या आणि धर्मराजला वाटायचं, बाई टापटिपीची आहे. मग पेटीनं पिपाणी वाजवली आणि मशीन बंद पडलं. घाबरला फक्त धर्मराज. तिच्या हाताला हे सगळं पाठ होतं.

त्यानं धावत जाऊन मेन चालू केलं, नळी तिच्या नाकाला लावली. तिचे ओठ जांभळे पडले होते. ती बोलण्याइतकी सावरेपर्यंत तो तिच्या पायाशी जमिनीवर बसून राहिला.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं." तिनं मान वळवली. "म्या फोन क्येलता त्याला. रडला वो. म्हणाला, मोठी आई, वरच्या व्यापाऱ्यानं मला फसीवलं, दुसरी आणून बसीवतो, अण्णांस्नी सांगू नगंस, उगंच तरास नको त्यास्नी. अण्णांस्नी कळलं तर ते गावभर बोलतील, माझं दुकान बसंल. तवर लाईट गेली तर जरा जरा मशीन बंद ठेव म्हणाला."

"आनि तू ठेवलंस?"

"लेकरू अडचणीत हुतं."

"मी रोज इच्यारत हुतो गं तुला! रोज! चाललं की म्हणत हुतीस!"

धर्मराजला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. तंबाखूच्या पोटातली मूठ काढून कुठल्या शेतातली ते सांगणारा माणूस, आणि बायको रोज त्याच्या तोंडावर खोटं बोलत होती, त्याच्या मागं गुदमरत होती, तेही ज्यानं गंडवलं त्याचीच अब्रू राखायला. नवरा कोण आणि परका कोण, हे या घरात नक्की कुणी ठरवलं होतं?

विक्रमचा विचार आला की त्याला एक गोष्ट सगळ्यांत जास्त भाजायची. त्या दिवशी दुकानात पारमिता फोनवर बोलायला बाहेर गेली, तेव्हा धर्मराजनं विक्रमचा हात धरून त्याला एक गोष्ट सांगितली होती. डॉक्टर त्याला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, की फुप्फुसं पार गेली आहेत, वर्ष, फार तर दोन वर्षं. हे धर्मराजनं पारूबाईला सांगितलं नव्हतं. पोरीलाही नाही, कारण पोरगी आईला सांगितल्याशिवाय राहिली नसती. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून त्यानं आपल्या माणसाला सांगितलं. तेव्हा विक्रमच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ते पाणी पुसून त्यानं हीच पेटी टेंपोत चढवली.

धर्मराजनं पारमिताला फोन केला. ती ओरडेल, मी म्हणाले नव्हते का म्हणेल, याची त्यानं तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "आई आता बरी आहे ना, आप्पा? मी उद्या कॉलेज सुटलं की येते." मग त्यानं विक्रमला फोन केला आणि फक्त म्हणाला, "ये."

विक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी आला. टेंपोत नवी पेटी घेऊनच आला, म्हणजे कशाला बोलावलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चपला काढून आत आला, जय भीम म्हणाला आणि पारूबाईच्या पलंगाशी उकिडवा बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते बघून धर्मराजचं डोकं फिरलं.

"आदी मला सांग. कुनी फसीवलं तुला? त्या व्यापाऱ्याचं नाव सांग. आत्ताच्या आत्ता जाऊया त्याच्याकडं, मी बी येतो."

विक्रम खाली बघत राहिला.

"सांग की रं," पारूबाई म्हणाली. "तुझी काय चूक हाय त्यात? सांग अण्णांस्नी."

"व्यापारी न्हवता कोन," विक्रम म्हणाला.

"म्हंजे?"

"सेल म्याच आणलंतं. भंगारातनं. कागद बी... कागद बी दुकानातच घातलं."

पारूबाईचा हात त्याच्या डोक्यावर तसाच होता. काढून घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नसावं. व्यापाऱ्यानं फसवलेल्या लेकराला ती पाठीशी घालत होती. आणि व्यापारी असा कुणी नव्हताच. तिनं ज्याच्यासाठी सगळा हिवाळा उशीवर कोपरं टेकून काढला, ते अडचणीतलं लेकरू त्यानंच फोनवर रडून तयार केलं होतं.

"चांगलं सेल नव्हतं असं न्हाय," विक्रम घाईघाईनं बोलायला लागला. "हुतं. पर गोव्याकडच्या एका लॉजवाल्याची मोठी आर्डर हुती, त्याला दिलं. तो तपासून घेणार हुता, त्याचा माणूस मीटर घिऊनच आलता. तुमी..."

"आमी तपासणार नव्हतो," धर्मराज म्हणाला.

विक्रम नखानं जमीन खरवडायला लागला.

"आमी उसवणार न्हाय, हे तुला ठाव हुतं. म्हणून आमच्या वाट्याला हे. आनि दहा वर्षं म्हणालास रं! माझ्या तोंडावर बघून म्हणालास दहा वर्षं!"

खाली मान घालून ऐकणाऱ्या माणसाला एका हद्दीनंतर स्वतःचाच राग येतो आणि मग तो भलतंच बोलतो. विक्रमनं मान वर केली.

"अण्णा, दहा वर्षं कुणाला पायजे हुती? तुमीच म्हणालता न्हवं, डॉक्टर वर्ष-दोन वर्षंच सांगत्यात म्हणून? म्या म्हटलं, तेवढं तर हे सेल जात्यातच. आरामात जात्यात. मला काय म्हाईत, सा म्हैन्यांतच..."

त्याला मध्येच कळलं आपण काय बोललो ते. पण बोलून झालं होतं.

खोलीत मशीन चालत होतं, वीज होती. धर्मराजला वाटलं, आता आपण याच्या अंगावर धावून जाऊ. पण तो गेला नाही. पुतण्यानं बॅटरीचं आयुष्य मोठ्या आईच्या आयुष्याशी मापून बघितलं होतं, आणि माप धर्मराजनंच दुकानात नेऊन दिलं होतं. आपल्या माणसाला म्हणून. हात धरून.

पारूबाईनं विक्रमच्या डोक्यावरचा हात काढला. पण तिनं विक्रमकडं बघितलं नाही. ती नवऱ्याकडं बघत होती.

"किती म्हणाला डाक्टर?"

"पारू, ते डॉक्टर लोक काय बी..."

"किती?"

धर्मराजला आकडा उच्चारता आला नाही. त्यानं मान खाली घातली, अगदी विक्रमनं मघाशी घातली होती तशी.

"याला सांगितलंसा," ती म्हणाली. "मला न्हाय."

रडणं नाही, आरडाओरडा नाही. तिच्याजवळ तेवढा श्वासच नव्हता. थोडा वेळ ती नुसती दम खात राहिली. विक्रमनं तिचे पाय धरायला हात पुढं केला, तशी तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"दोघं बी भायेर जावा," पारूबाई म्हणाली.

"पारू, ऐक माझं. मी तुला तरास नको म्हणून..."

"ह्यो बी त्येच म्हणत हुता फोनवर. अण्णांस्नी तरास नको." तिनं हातानं दाराकडं दाखवलं. "जावा."

दोघं अंगणात आले. टेंपोतली नवी पेटी उन्हात तशीच होती, उतरवायचं कुणी नाव काढलं नाही. विक्रम भिंतीला टेकून उभा राहिला. धर्मराजला त्याच्यापासून लांब जायचं होतं. पण अंगणात सावली तेवढीच होती, म्हणून तोही त्याच्या शेजारी उभा राहिला. पारमिता यायला अजून पुष्कळ वेळ होता. नळी ओढत पारूबाई हळूहळू उठून आल्याचा आवाज दोघांनी ऐकला, आणि मग तिनं आतून कडी लावली.